तारेवरचा हात

तो आमच्या यंत्रतपासणीच्या खोलीत शिरला तो चुकून – जायचं होतं शेजारी, दुरुस्तीला. काखेत मागून उघडा मॉनिटरचा पडदा, त्यातून लोंबणारी केबल, आणि पापण्यांवर भुरभुर पावसाचे थेंब...

काही बोलणार, तोच मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. दुपारपर्यंत माझं मौन असतं, रोजचा नेम. साहेबांनी माझ्यासाठी पाटीच लावलीय – ‘खुणेनं बोला.’

“बरंय,” तो हळूच म्हणाला. “माझ्या पडद्याला मात्र गप्प बसवत नाही.”

पडदा होता रुग्णाच्या उशाशी लावायचा. त्यातले सिग्नल इतके वेगानं धावत, की केबलच अँटेना होई आणि शेजारच्या यंत्रावरची हृदयाची रेघ थरथरे. असा विजेचा गोंगाट मोजणं हे तर माझंच काम. म्हटलं, चुकून का होईना, देवानं बरोबर दारी धाडलंय.

मग तो रोज सकाळी येऊ लागला. कधी केबलला गोंगाट शोषणारं फेराइटचं कडं घाली, कधी सिग्नलची धार बोथट करी. आमच्या यंत्राच्या आलेखावरचं गोंगाटाचं शिखर जरासं वाके, पुन्हा ताठ. तो बोले, मी भुवयांनी उत्तर देई. घरी आई म्हणे, “तू तोंड उघडशील तोवर गाडी सुटलेली असेल हो.”

एका सकाळी तो गंभीर होता. आज पडदा पास झाला नाही, तर काम दुसऱ्या गावच्या लोकांकडे जाणार... आणि त्यालाही आपल्या गावी परत जावं लागणार.

शिखर तसंच उभं. दुपार दूर. आणि मला एकदम दिसलं – केबलवरच्या, गोंगाट अडवणाऱ्या तारांच्या जाळीला पीळ देऊन त्यानं लांब शेपटी केली होती आणि ती स्क्रूखाली दाबली होती. गोंगाट तिथूनच निसटत होता. शब्द ओठांशी आले... नेम आडवा आला. मी नुसता हात ठेवला त्या जागी.

शिखर खाली आलं.

त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. अलगद त्यावर आपला ठेवला. शिखर आणखी वाकलं.

“म्हणजे प्रत्येक पडद्याबरोबर आपल्या दोघांना खोक्यात भरून पाठवायचं?”

मी आवाज न करता हसले, शेपटीवर बोटांची कात्री चालवली. त्याला कळलं. शेपटी छाटून त्यानं जाळी चहूबाजूंनी पसरली आणि धातूच्या पट्टीनं आवळली.

“आता हात काढला तरी चालेल,” तो म्हणाला. “म्हणजे... तारेवरचा.”

शिखर खालीच राहिलं. पडदा पास.

सामान आवरून तो दाराशी घुटमळला. “एक विचारायचंय. पण उत्तर खुणेनं नको. बाहेर बाकावर थांबतो.”

दुपार झाली. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा, हा माझा नेम. तो घेतला, आणि बाहेर गेले. पाऊस तसाच भुरभुरत होता. तो उठून उभा राहिला.

“विचारा,” मी म्हणाले.

माझा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता. “आता... काही आठवेनाच.”

“राहू दे,” मी म्हणाले. “उत्तर सकाळपासून तयार आहे. हो.”