घुमीने पाहिलेलं फूल

“थांबा काका! ते रोप उपटू नका!”

घुमी एवढ्या जोरात ओरडली, की मुकादमांची कुदळ हवेतच राहिली. बारा दिवसांत उद्यानातल्या कोणीही तिचा आवाज धड ऐकला नव्हता!

आई-बाबांना रजा नव्हती, म्हणून सुट्टीत तिला मावशीकडे धाडलं होतं. मावशी वनस्पती उद्यानात आल्याच्या कुळाचा अभ्यास करायची आणि नव्या जातींच्या शोधात सारखी जंगलात असायची. फोनवर रोज तेच. “जेवलीस ना?” “हो.” संपलं! मग घुमी काचघरामागे, मावशीच्या खोलीच्या खिडकीखाली, पालथ्या बादलीवर बसून राही. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून एकाच रोपाकडे टक लावून बघत राही.

“पाटी वाच की! साधं रानआलं आहे,” मुकादम म्हणाले. “इथे गाड्या लावायच्यात. आजच साफ करायचंय.”

“पाटी चुकलीय! रानआल्याचं फूल जमिनीलगत येतं, पिवळं. मावशीच्या पुस्तकात आहे. याचं शेंड्याला येतं, पांढरं! सकाळी सातला उमलतं, अकराला मिटतं.”

साडेदहा झाले होते. मावशीचा फोन लागेना. घुमी रोपासमोर आडवी उभी राहिली.

तेवढ्यात माळीकाकांची मुलगी पुढे आली. सगळे तिला वटवटी म्हणत.

“उपटा हो काका, बिनधास्त! फक्त नोंदवहीत लिहा, ‘झाड क्रमांक दोनशे चौदा मी काढलं,’ आणि खाली सही ठोका.”

“सही? मी कशाला सही करू?” मुकादमांनी कुदळ खाली टाकली आणि ते घुमीकडे वळले. “येऊ दे तुझ्या मावशीला. तीच करेल सही!”

ते दिसेनासे झाल्यावर घुमीने हळूच विचारलं, “असा नियम आहे?”

“आहे तर! कोणी पाळत नाही, एवढंच! चल, पळ!”

दोघींनी प्रयोगशाळेतल्या ताईंकडून फूल टिकवायला स्पिरिटची बाटली आणली. फूल मिटण्याआधी घुमीने त्याचं रंगीत चित्र काढलं, मग ते अलगद बाटलीत सोडलं.

संध्याकाळी मावशी चिखलाच्या बुटांनिशीच वाफ्यापाशी आली. तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“मी जंगलं पालथी घालतेय, आणि हे माझ्या खिडकीखाली! नवी जात आहे का, ते जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावरच कळेल. पण वास कसा होता गं?”

“पाण्याने पुसलेल्या शाळेच्या पाटीसारखा. उमलताना जास्त.”

मावशी लिहीत गेली, घुमी सांगत गेली. मध्येच मावशी थांबली.

“एवढं सगळं... म्हणजे तू रोज इथे एकटीच बसायचीस?”

घुमीने नुसती मान हलवली. मावशीने वही मिटली आणि तिला जवळ ओढलं.

आठ महिन्यांनी घुमीच्या घरी टपालाने वनस्पतिशास्त्राच्या एका मासिकाचा अंक आला. जात नवीच होती! मावशीच्या लेखात घुमीचं चित्र छापलं होतं. सोबत उद्यानाच्या संचालकांची चिठ्ठी होती: ‘आम्ही रोज जवळून जात होतो. पाहिलंस तू. शाबास!’

घरी कोणीच नव्हतं. घुमीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि वटवटीला फोन लावला.