बाहुलीवाले डॉक्टर

पहिल्याच भेटीत मी त्या माणसाचा जीव घेतला असता, पण आधी त्याच्या हातातलं बाळ वाचवायचं होतं, म्हणून तो सुटला.

सकाळची वेळ होती. पाऊस बारीक भुरभुरत होता आणि मी ड्युटीला उशीर झाला म्हणून अर्धी धावत, अर्धी घसरत हॉस्पिटलच्या गेटातून आत शिरत होते. समोर एक उंच माणूस गाडीतून उतरला. काखेत बाळ! अक्षरशः काखेत, मिटलेली छत्री धरावी तसं. बाळाचे पाय लोंबत होते, डोकं मागे झुकलं होतं आणि हा पठ्ठ्या निवांतपणे चष्म्यावरचं पाणी पुसत होता.

"अहो, शुद्धीवर आहात का तुम्ही?" मी ओरडले आणि बाळ हिसकावूनच घेतलं. अंग गार. श्वास नाही. पोर्चमधल्या बाकावर त्याला निजवलं, हनुवटी वर केली, तोंडाला तोंड लावलं आणि फुंकर घातली...

रबराचा वास आला.

मी हळूच मान वर केली. तो चष्म्यातून माझ्याकडे बघत होता. हसू आवरायची बिचाऱ्याची खूप धडपड चालली होती.

"फार छान," तो म्हणाला. "फक्त मान जरा जास्तच मागे गेली. मोठ्या माणसाला ते चालतं. तान्ह्या बाळाचा श्वास मात्र त्यानेच अडतो."

"आणि बाळाला काखेत मारून आणलेलं चालतं?"

"नाही... ते नाही चालत." तो ओशाळला. "तिची बॅग आज सकाळीच फाटली हो."

आमच्या वॉर्डातल्या मावशी फरशी पुसायचं सोडून खांबाला धरून हसत होत्या. दुपारपर्यंत मी बाहुलीचा जीव वाचवल्याची बातमी हॉस्पिटलभर झाली होती.

तो मुलांचा डॉक्टर होता. ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांत जायचं आणि तिथला इमर्जन्सी विभाग लहान मुलांसाठी तयार करायचा, हे त्याचं काम. आम्हाला त्याची गरज होती, हे कोणीही सांगितलं असतं. मोठी माणसं आली की आमचे हात यंत्रासारखे चालायचे. मूल आलं की सगळ्यांची तारांबळ. छोटा मास्क कुठल्या कपाटात, कपाटाची किल्ली कोणाकडे, औषध नेमकं किती द्यायचं... आणि बऱ्याचदा शेवटी "मोठ्या हॉस्पिटलात न्या" असं म्हणून गाडी बोलवायची. मी तर मूल दिसलं की दुसऱ्या खाटेकडे सटकायचे. भीती वाटायची मला, सरळच सांगते. तो इवलासा हात बघितला की सुई कुठे टोचायची तेच सुचायचं नाही.

आमच्या इनचार्ज, म्हणजे मोठ्या सिस्टर, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी नेमकं मला त्याच्या जोडीला दिलं. "मुलांची जबाबदारी आता तुझी," त्या म्हणाल्या. "हे डॉक्टर गेल्यावरही तूच बघायचंस."

ते गेल्यावर. तेव्हा ते शब्द नुसते कानावरून गेले.

मग सुरू झाले ते पावसाळी, संथ दिवस. खिडकीजवळचा कोपरा आम्ही मुलांसाठी मोकळा केला. तिथे फिकट निळा रंग दिला, छोटे मास्क हाताशी येतील असे मांडले, वजनकाटा ठेवला. त्याच्याकडे एक लांब रंगीत पट्टी होती. मूल खाटेवर निजवायचं, पट्टी डोक्यापासून टाचेपर्यंत धरायची आणि टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाचा कप्पा उघडायचा. त्या मापाच्या मुलाला लागणारं सगळं तिथेच, औषध किती ते पट्टीवरच.

"म्हणजे डोकं जागेवर नसलं तरी हात बरोबर जागी जातो," तो म्हणाला.

"माझं डोकं जागेवरच असतं, डॉक्टर."

"हो का? मग कप्प्याला उलटा रंग कोणी लावलाय?"

मीच लावला होता. तो वाकून रंग देताना त्याच्या कानाला निळा ठिपका लागला होता, त्याच्याकडे बघता बघता. पण हे काय त्याला सांगणार होते मी?

रोज दुपारी बाहुलीवर सराव असायचा. एकाने श्वास बघायचा, एकाने औषध, आणि एकाने फक्त आईजवळ उभं राहायचं. आईला बाहेर काढायचं नाही, काय चाललंय ते तिला सांगत राहायचं, हा त्याचा नियम होता.

"आज मी आई," एके दिवशी त्याने जाहीर केलं.

"मग आधी मिशा काढा."

"सिस्टर, माझं बाळ! काहीतरी करा हो!" त्याने असा काही गळा काढला की बाहेरचे दोन पेशंट डोकावून गेले.

"घाबरू नका. इथे उभ्या राहा. तिचा पाय धरा, तुमचा स्पर्श तिला कळतो..." मी त्याचा हात धरून बाहुलीच्या पायावर ठेवला आणि माझा हात... तो मागे घ्यायचाच राहिला. पट्टीवरचे सगळे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे झाले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. काचेवरून एक थेंब सावकाश खाली येत होता, त्याला कसलीच घाई नव्हती.

"सिस्टरबाई," मागून मावशींचा आवाज आला, "त्या लेकराचा श्वास केव्हाचा थांबलाय."

घरी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. वहिनीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोण आहे?"

"बाहुली," मी म्हणाले. वहिनी काय समजायचं ते समजली.

आणि मग एका संध्याकाळी, कप्प्यांवरून शेवटचा हात फिरवताना तो म्हणाला, "शुक्रवारी निघतो. पुढचं हॉस्पिटल वाट बघतंय."

माझ्या हातातला मास्क हातातच राहिला.

"मला... म्हणजे कामाला... एक सिस्टर सोबत लागते. शिकवायला." तो कप्प्याशीच बोलत होता. "तुमच्याइतकं चांगलं कोणी... याल का माझ्याबरोबर?"

हो म्हणावंसं वाटलं. तिथल्या तिथे, ओरडून! पण नजर त्या रंगीत कप्प्यांवर गेली. मी माझ्या माणसांना ओळखत होते. मी गेले असते, तर महिन्याभरात इथे बँडेजं आणि हातमोजे कोंबले गेले असते, किल्ली हरवली असती आणि पुन्हा एखादं पोर गाडीत घालून पुढे धाडलं गेलं असतं. गेले तर हे सगळं सुटणार होतं, राहिले तर तो.

"शुक्रवारी सांगते," एवढंच कसंबसं म्हणाले.

शुक्रवारी सकाळी तो निरोप घ्यायला आला आणि त्याच्या पाठोपाठ दार ढकलून एक बाई धावत आत आली. कडेवर दोन-एक वर्षांची मुलगी होती. तापाने फणफणलेली, डोळे वर गेलेले, अंगाला सारखे झटके. तापात आकडी आली होती.

क्षणभर पाय जुन्या सवयीने दुसऱ्या खाटेकडे वळले. पण हात वळले नाहीत. मी तिला घेतलं, कुशीवर निजवलं, छोटा मास्क लावला, पट्टी धरली. पिवळा! पिवळा कप्पा उघडला, औषध मापलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते तपासून दिलं. सगळं कसं आपसूक होत गेलं. मध्येच मान वर केली, तर तो त्या बाईंजवळ उभा होता, त्यांची पिशवी हातात धरून. "आता औषध दिलंय," तो हळू आवाजात त्यांना सांगत होता. "सिस्टरांचे हात बघा. किती शांत आहेत."

झटके थांबले. मुलगी गाढ झोपली. मग मात्र मी हातमोजे काढले आणि व्हरांड्यात पळाले.

तो मागोमाग आला. पाऊस पडतच होता.

"उत्तर विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "आता नाही विचारत."

"का?"

"मघाशी बघितलं ना तुम्हाला. इथून तुम्हाला न्यायचं म्हणजे..."

"विचारा तरी. नाही म्हणायची संधी तरी द्या!"

तो कसनुसा हसला. "याल?"

"नाही." पण मी बोलायचं थांबले नाही. "पण तुम्ही जावं असंही मला वाटत नाही. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी नाही हं, तेव्हा तुमचा गळाच दाबावासा वाटला होता. पण त्यानंतर रोज... रोज थोडे जास्त."

त्याने चष्मा काढला. ओठ हलले—

"सिस्टर!" आतून त्या बाईंची हाक आली. "डोळे उघडले हो तिने!"

मी आत धावले. मुलगी आईचा कान ओढत होती, पाणी मागत होती, मास्कवर रागावत होती. तिचा ताप बघितला, आईला धीर दिला, डॉक्टरांना बोलावलं. परत आले तर व्हरांडा रिकामा. बॅग नाही, बाहुली नाही.

"ते डॉक्टर? घाईघाईने गेले की," मावशी म्हणाल्या. "मी हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाही."

चादरींच्या खोलीत जाऊन मी मनसोक्त रडले. बरोबरच वागले होते, आणि तेच जास्त दुखत होतं. मग तोंड धुतलं आणि मुलीला बघायला बसले. तिने माझं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.

ड्युटी संपत आली तेव्हा फोन वाजला.

"सिस्टर..." त्याचा आवाज. धापा टाकत होता. "मी तुमच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. सकाळी तसाच निघालो, तेव्हापासून घरं बघत फिरतोय."

"काय?"

"काम फिरतीचं आहे, ते सुटणार नाही. पण परत यायला कुठलं तरी घर हवं ना माणसाला? आजपर्यंत नव्हतं. एक जागा आवडलीये. दोन खोल्या, गच्ची... घरमालकीणबाई समोरच उभ्या आहेत. विचारतायत, एकटेच राहणार, की कुटुंब आहे?"

मावशींचा पोछा जागच्या जागी थांबला. मी भिंतीकडे तोंड केलं, तरी कान लाल झालेले त्यांना दिसतच असणार.

"मग... काय म्हणालात?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

"सांगा त्यांना," मी म्हणाले, "दोघं आहोत. आणि बायकोला रात्रपाळी असते, तेव्हा सकाळी दार वाजवायचं नाही."