चोवीस पौंडांचं त्रैराशिक

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तसे आमचे हे फायलींसकट हलले आणि मागोमाग मी. सोनागिरीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी मिळाली. त्रैराशिकात कुणी माझा हात धरू शकत नसे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

साठ सालच्या थंडीतली दुपार. मी सुया उकळत ठेवल्या होत्या, तेवढ्यात जवळच्या कारखान्यातल्या एका फिटरची बायको, नलिनी, धावत आत आली. कडेवर अडीच वर्षांची सिंधू, डोळे पांढरे, हातपाय ताठ. डॉक्टर फेरीवर गेलेले. त्यांची सूचना भिंतीवर होतीच: आकडीचं इंजेक्शन, दहा पौंडांना पाव सी.सी. जास्त गेलं तर श्वास थांबतो, हे कुणी लिहायची गरज नव्हती.

असं मूल काट्यावर स्थिर राहत नाही. म्हणून आम्ही आधी आईसकट वजन करायचो, मग एकट्या आईचं, आणि वजाबाकी. दोघी मिळून एकशे चाळीस. सिंधूला खाटेवर ठेवून नलिनी एकटी उभी राहिली, तेव्हा ब्याण्णव. बाकी अठ्ठेचाळीस. मी तोंडी हिशेब केला, एक पूर्णांक दोन दशांश सी.सी. भरलं आणि सिंधूचा दंड धरला.

माझी दोन बोटं त्या दंडाभोवती सहज मिटली. अठ्ठेचाळीस पौंडांचं मूल शाळेत जातं हो!

तिला उचलून मी स्वतः काट्यावर चढले. एकशे चौतीस. माझं एकटीचं एकशे दहा. चोवीस. तंतोतंत निम्मं.

"नलिनीबाई, मघाशी हातात आणखी काही होतं का?"

ती खाटेकडे बघत होती. "जुळ्या होत्या, सिस्टर. धाकटी पाडव्याला गेली... अशाच आकडीत." मग अगदी हळू म्हणाली, "हिला घेतलं की तीपण चढते. हिला ठेवलं की उतरते. कंबरेला कळतं ना..."

विचार करायला वेळ नव्हता. मी निम्मंच औषध दिलं. सिंधूचा जबडा सैल झाला, श्वास संथ लागला. पोर वाचली होती. मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

रडं थांबलं तेव्हा आवाज आला. खाटेचे लोखंडी पाय फरशीवर वाजत होते. टक... टक... टक. सिंधू शांत झोपलेली. तिच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, गादीत एक छोटासा खळगा पडला होता, आणि तो थरथरत होता.

"सिस्टर..." नलिनी पुटपुटली. "आता हिला."

पिचकारीत उरलेलं निम्मं तसंच होतं. मी त्या खळग्यावर वाकले आणि दट्ट्या दाबला.

खाट थांबली. पिचकारी रिकामी होती. मी चादर चाचपली, गादी चाचपली. कोरडी ठणठणीत.