दोरावरचा शेवटचा माणूस

रविवारी भजनं संपली, की हारल्दकाका चर्चच्या जाड वहीतून गावात घडलेलं वाचून दाखवत. फेरो बेटांवरच्या त्या इवल्याशा गावात वहीत आलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. म्हणूनच मालानने हट्ट धरला, की कड्यावरची हकिकत ती स्वतः लिहिणार.

पाखरं धरायला गावातला पोल दोराने कड्याखाली उतरला होता. वर पाच जण दोर धरून, सर्वांत मागे मालानचा नवरा सोफस. दोर सुटला, पोल गेला. मागच्याने हात सोडला, असं गाव म्हणू लागलं. तेव्हापासून सोफसला कुणी दोराजवळ फिरकू देईना.

"लिही," काका म्हणाले. "आधी दिवस, जागा, माणसं. मग जसं घडलं त्या क्रमाने. ज्याने पाहिलं, त्याच्याच तोंडचं. आणि नवऱ्यासाठी रडगाणं नको हं, पोरी."

"रडायला वेळ कुणाला आहे, काका?"

दोर धरणाऱ्यांच्या घरी ती दारोदार फिरली. पहिला म्हणाला, मागच्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. दुसरा तेच म्हणाला. तिसरा, चौथाही. तिने एकाखाली एक लिहून काढलं आणि घरी येऊन सोफसला विचारलं.

"माझ्याही मानेला," तो म्हणाला.

"तुझ्या मागे कोण होतं?"

"दोर धरलेला माणूस वळत नाही, मालान. पण मागून जोर मिळत होता. इतका, की आम्ही सगळेच जरा सैलावलो. मग तो जोर गेला."

मालान उठली, तडक तुमासकडे गेली. त्या दिवशी कड्याच्या टोकाशी बसून दोरवाल्यांना खुणा करणारा तो. सगळी रांग त्याच्यासमोर होती.

"किती जण होते, दादा?"

"पाच. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाचं राहू द्या. बोटांवर मोजा."

तुमास हसला. एकेक नाव घेत बोटं मिटू लागला. सोफसच्या नावाला पंजा संपला.

मग दुसऱ्या हाताचा अंगठा मिटला. आपोआप.

त्याने तो हात टेबलाखाली नेला. कॉफी तशीच निवत राहिली.

"कोण होता, दादा?"

"गावचाच वाटला गं. म्हणून तर काही बोललो नाही."

"लिहू?"

"लिही. सहा."

काकांनी वाचलं. 'दोर धरायला सहा जण होते.' मग सोफसच्या बाकावरची माणसं सरकली, त्याच्यासाठी जागा झाली. भजन सुरू झालं, ते लांबलचक, भरतीसारखं चढत जाणारं, आणि मालानने कितीतरी दिवसांनी गळा मोकळा करून सूर लावला.

पुढच्या उन्हाळ्यात सोफस पुन्हा दोराच्या शेवटी उभा राहिला. कुणी पडलं नाही. पाखरं भरपूर मिळाली.

दोर धरणाऱ्यांचे वाटे मात्र काकांनी सहा केले. वहीत सहा, तर वाटे पाच कसे?

पाच पाट्या उचलल्या गेल्या. सहावी, पाखरांनी भरलेली, होडीघराच्या भिंतीशी राहिली.

सकाळी ती सोफसच्या दारात होती. रिकामी, आणि धुऊन पुसून लख्ख, शेजारी परत करतात तशी.