मेदेइरोशच्या छतातली ओल

मेदेइरोश वर आले ते हातात बादली घेऊनच. तळाशी दोन बोटं पाणी होतं.

“बघा, बाई. तिसऱ्यांदा.”

ट्रायफीना पाइकने बादलीत डोकावून पाहिलं. “माझंच कशावरून? नाव घातलंय का त्याच्यावर?”

“माझ्या स्वयंपाकघरावर तुमचं स्वयंपाकघर. मग काय, आकाशातून पडलं?”

गॉल्टमधल्या त्या विटांच्या इमारतीत दोघांनाही तीसेक वर्षं झाली होती. मेदेइरोश अझोर्स बेटांवरचे, ती न्यूफाउंडलंड बेटावरची. पोटासाठी दोघंही समुद्र सोडून शेकडो मैल आत, या कापडगिरणीच्या गावात आलेली. तिचा नवरा सिरिल होता तोवर शनिवारी पत्त्यांचा डाव पडायचा. आता मेदेइरोश जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत जायचे. घरमालकाची तिला चिठ्ठी आली होती: पुन्हा गळलं, तर महिनाअखेर घर रिकामं करा. सिरिल याच घरात वारला होता. आपलं म्हणावं असं दुसरं दारच तिला नव्हतं.

तिने नळवाला बोलावला. त्याने मोरीखालच्या फळ्या काढल्या, नळीवरून हात फिरवला आणि कोरडा हात तिला दाखवला.

“नळ नाही, तर मग तुम्हीच सांडता,” मेदेइरोश म्हणाले.

“माझ्या हातचा केक खाल्लात इतकी वर्षं. तुमच्या डोक्यावर पाणी ओतीन मी?”

“ओतता म्हणत नाही. सिरिल गेल्यापासून तुम्ही विसरता, बाई.”

हे मात्र तिला लागलं. उभा जन्म गिरणीत कापड तपासण्यात गेलेला. हजार धाग्यांत एक चुकला तरी बोटाला कळायचा. ती म्हणाली, “गळायला लागलं की झाडूच्या दांड्याने छत ठोका. मी वेळ लिहून ठेवते.”

सोमवारी दहा. मंगळवारी अकराला दहा कमी. बुधवारी अकरा चाळीस.

तिन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि तिची पेन्सिल थांबली. रोज पन्नास मिनिटं उशिरा येणाऱ्या भरतीचा हा हिशेब तिला अक्षरओळखीच्या आधीपासून येत होता. नॅन, तिची आजी, कणीक मळता मळता म्हणायची:

भरतीबाई, भरतीबाई, आज आलीस दारी,
उद्या थोडी उशिरा ये, पाव भाजू दे घरी.

एकोणीसशे सदुसष्ट साली त्यांचं खाडीकाठचं गाव सरकारने उठवलं. लोकांनी घरं मोडली नाहीत. खाली रिकामी पिंपं बांधून घरंच पाण्यावर सोडली आणि होड्यांनी ओढत पलीकडच्या काठाला नेली. फळीवरचा एकही कप फुटता कामा नये, यात ओढणाऱ्यांची शान. म्हणून भांडीसुद्धा जागच्या जागी ठेवायची. नॅन घरातच राहिली. “काठाला लागाल तेव्हा चहा उकळलेला असेल,” म्हणाली. नऊ वर्षांची ट्रायफीना वडिलांच्या होडीतून मागे बघत हात हलवत होती आणि खिडकीतून नॅनही हलवत होती. मध्यावर पिंपं सुटली. घर कलंडलं नाही. उभंच्या उभं, सावकाश खाली गेलं. धुरांड्यातून शेवटपर्यंत धूर निघत होता.

नॅन सापडली नाही.

गुरुवारी साडेबारा होणार, हे तिने आदल्या दिवशीच लिहून ठेवलं. बाराला मुख्य तोटी बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि मेदेइरोशच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

“ही मी, तुमच्यासमोर. ही माझी किल्ली. आता बघा गळतं का.”

त्यांनी कॉफी ओतली. खिडकीत स्वच्छ ऊन होतं.

साडेबाराला छताचा रंग गडद झाला. एक थेंब टेबलावर पडला. मग दुसरा.

मेदेइरोशनी तो बोटावर घेतला, जिभेला लावला.

“खारट,” ते म्हणाले. “समुद्राचं आहे हे.”

“हो.”

“मी चुकलो, बाई. तुमचा यात दोष नाही. आजच मालकाला तसं लिहून देतो.”

घर वाचलं होतं. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. पण मेदेइरोश अजून वरच बघत होते.

“तुमच्याकडे कोण आलंय?”

“कुणीच नाही.”

“मग चालतंय कोण?”

तिनेही ऐकलं. चुलीपासून टेबलापर्यंत. टेबलापासून चुलीपर्यंत.

“रोजच असतं हे,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला वाटायचं, तुम्हीच चालताय.”

ती किल्ली घेऊन जिना चढली. कुलूप उघडलं. दार दोन बोटं सरकलं आणि अडलं.

आतून साखळी लावलेली होती.

ओली पावलं दाराशी येऊन थांबली.

“कुणाची गं तू?” आतून नॅनच्या आवाजात विचारलं. गावात परकं पोर दाराशी आलं की असंच विचारायचे.

बासष्ट वर्षांच्या ट्रायफीनाने वडिलांचं नाव सांगितलं.

पावलं टेबलापर्यंत गेली, परत आली. मग तोच आवाज, समजूत घालावी तसा म्हणाला, “त्याची नऊ वर्षांची लेक आहे आत. माझ्यापाशी.”