काकांच्या फोनमधली ओहोटी

"चला, चला! नऊला पूर्ण ओहोटी आहे. आत्ता निघालो तर प्रदक्षिणा आरामात होईल!" हर्षदकाकांनी हातातला फोन उंच धरला.

हरिहरेश्वरच्या देवळामागे त्यांच्या निवासात उतरलेले अकरा पाहुणे जमले होते. प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्रालगतच्या खडकांवरून वळसा घेते. भरती आली की ती बुडते. मध्ये अडकलेल्याला बाहेर पडायला जागा नसते.

"राही, आज पुनव हाय ना?" कोळ्यांच्या मैनानं मैत्रिणीला हळूच विचारलं. "मग तिथीची पाऊणपट कर. पंधराची पाऊणपट किती?"

"सव्वाअकरा."

"म्हंजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती. नऊला ओहोटी कशी असंल?"

मे महिन्याच्या सुट्टीत काकांकडे आलेली राही चमकली. "काका, थांबा! ही वेळ कुठे मिळाली?"

"नेटवर शोधली. सगळ्यात पहिलं आलं ते पान!"

"पहिलं आलं म्हणजे बरोबर असतं? त्याच्या वर्गात पहिलं उत्तर नेहमी आपला शुभम देतो, तेही चुकीचं!"

"ए ताई!" तिचा धाकटा भाऊ शुभम ओरडला.

काका हसले. "पाऊणपट वगैरे जुन्या गोष्टी. चला!"

राही दोन्ही हात पसरून पायऱ्यांवर उभी राहिली. "मैनाचंही तपासूनच घेऊ. पंधरा मिनिटं द्या, काका."

"तपास की!" मैना म्हणाली. "समुद्र समोरच हाय."

"मी तर बसलेच," म्हणत मनुबाई पायरीवर टेकल्या. त्या पाहुण्यांत सर्वांत वडील. आता त्यांना सोडून कोण जाणार?

शुभमनं खिशातला खडू काढला. लाट मागे सरल्यावर पाणी जिथे टेकत होतं, तिथे त्यानं खडकावर रेघ मारली. ओहोटी असेल तर पाणी रेघेखाली जायला हवं होतं.

तोवर राहीनं काकांच्या फोनवरचं तेच पान शेवटपर्यंत वाचलं. "काका, तारीख बारा मेच आहे. पण हा तक्ता गेल्या वर्षीचा आहे!"

"असा जुना तक्ता ठेवणारा बेजबाबदार माणूस कोण?"

राहीनं फोन त्यांच्यापुढे धरला. "खाली लिहिलंय. सागरसावली निवास. हे पान तुमचंच आहे, काका!"

काकांचे कान लाल झाले.

राहीनं यंदाचा सरकारी तक्ता शोधला. ठिकाण पाहिलं, वर्ष पाहिलं. भरती साडेअकराच्या आसपास!

"ताई! रेघ दिसत नाही!" शुभम खालून ओरडला. पाणी वीतभर चढलं होतं.

दहा वाजता प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा फुटू लागल्या. पाहुणे वरून बघत होते. मनुबाईंनी तिघांना जवळ ओढलं. "पोरांनो, आज तुमच्यामुळे आम्ही कोरडे आहोत!"

काकांनी तिथेच उभं राहून आपल्या पानावरचा तो जुना तक्ता काढून टाकला.

ओहोटी साडेपाचच्या सुमाराला होती, म्हणून साडेचारला सगळे पुन्हा पायऱ्यांशी आले. काकांनी खिशातल्या फोनला हात घातला, मग थांबले. "मैना, आता उतरायचं ना?"

"मला काय इचारता, काका? समुद्र समोरच हाय," मैना हसली.

शुभमनं खडू पुढे केला. काका खाली वाकले आणि पाणी टेकत होतं तिथे त्यांनी रेघ मारली.