तोडलेलं कडं

मेल्विन दुपारी आला तो वाऱ्याला सोबत घेऊनच. दार उघडलं मात्र, तांबडी वाळू थेट लव्हर्नच्या कामाच्या टेबलावर.

"दार लाव की गाढवा! सगळं वाळवंट घरात घेतोस का?"

"ताई, वाळवंट नाही गं, काम आणलंय."

मेल्विन हा तिच्या मावशीचा मुलगा. गॅलप गावच्या शनिवारच्या बाजारात जुनंपानं हुडकत फिरायचं, हा त्याचा उद्योग. त्याने रुमाल सोडला. आत चांदीचं रुंद कडं होतं, मधोमध पिरोजाचा भला मोठा निळा खडा, वर्षानुवर्षं अंगावर राहून हिरवट पडलेला. असं ठोकीव काम करणारे हात आता उरले नाहीत. पण खड्याशेजारी पट्टी आरपार तोडलेली.

"हे कुणी केलं रे?"

"दवाखान्यात कापलं असेल. हात सुजला की कापतातच. दे ना जोडून, लग्नात घालायचंय." एवढं बोलून स्वारी बाहेर गाडीत जाऊन झोपलीसुद्धा.

लव्हर्न तीस वर्षं चांदीत काम करत होती. एरवी तिने तो तुकडा चार वेळा उलटसुलट करून पाहिला असता. पण त्या दिवशी तिचं निम्मं लक्ष नातवाकडे होतं. लेक शर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेलेली, आणि लाकडी फळीच्या पाळण्यात बांधलेलं तीन महिन्यांचं बाळ भिंतीला टेकवलेलं. आज ना उद्या ते पहिल्यांदा हसणार होतं. रीत अशी, की जो हसवेल त्याने जेवण घालायचं, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ वाटायचं. आणि बाळाची ओढ जन्मभर त्या माणसाकडे. हा मान दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचा नाही, असं लव्हर्नने पक्कं ठरवलं होतं. तिने गाल फुगवले, मेंढीसारखं बें केलं. बाळ ढिम्म.

"आजोबांवर गेलायस अगदी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सांधा जोडायच्या ज्योतीची आच पिरोजाला सोसत नाही, म्हणून तिने आधी खडा उचकटला. खाली तांबडी माती घट्ट बसलेली. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्याच्या अंगावर माती असायचीच. तिने फुंकर मारली, सांधा जोडला, खडा परत बसवला. कडं अखंड झालं. ज्योत विझवली तरी तिला कुठूनतरी जुन्या, कोंडलेल्या मातीचा वास येत राहिला.

आणि बाळ हसलं.

खळखळून, पोट हलवून हसलं. लव्हर्न आनंदाने वळली... बाळ तिच्याकडे बघत नव्हतं. ते दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होतं. मग त्याची नजर हळूहळू वर सरकत गेली. बसलेलं माणूस उठून उभं राहावं, तशी.

लव्हर्नने कडं उचललं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना छिन्नीची खूण अजून दिसत होती. दवाखान्यातली कातर चांदी चावत चावत जाते. हे तर एका घावात तुटलेलं. आपल्यात असा घाव एकाच कारणाने घालतात... मेलेल्या माणसाबरोबर जमिनीत जाणारी वस्तू कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. आणि तिने तीच वस्तू धडधाकट करून दिली होती. अगं बाई, काय करून बसले मी!

"मेल्विन! कुणाकडून घेतलंस हे?"

तो डोळे चोळत आला. टेबलाकडे बोट न दाखवता ओठांनीच खूण करत हळूच म्हणाला, "ओळखीचा नव्हता गं... ताई, म्हणजे हे... तिथलं?"

"नाव काढू नकोस."

तिने छिन्नी लावली आणि एका घावात कडं तोडलं. मेल्विनने ते लांब खडकात नेऊन पुरलं. संध्याकाळी मंत्र जाणणारे काका आले, देवदाराचा धूर झाला. पण हसणं काही परत घेता येत नाही.

"हसला? माझा सोन्या हसला? कुणी हसवलं?" शर्लीनने दारातूनच विचारलं.

लव्हर्नने बाळाला उराशी घट्ट धरलं. "मी," ती म्हणाली. तिला वाटलं, जेवण आपण घातलं, मीठ आपण वाटलं, की पोर आपलंच राहील.

चौथ्या दिवशी भर दुपारी गोतावळा जमला. मटणाचा रस्सा, तळलेल्या भाकऱ्या, हसणंखिदळणं. लव्हर्न बाळाला मांडीवर घेऊन बसली. त्याच्या तळहातावर मीठ ठेवायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर सोडायची.

"आजीने हसवलंय म्हणजे हट्टी निघणार हो!" एक काकू म्हणाली.

"निघू दे, माझ्यासारखाच निघू दे," लव्हर्न म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रांग संपली. माणसं ताटांकडे वळली. बाळाच्या मुठीत थोडं मीठ राहिलं होतं, ते पुसायला तिने हात पुढे केला. बाळाने मूठ काढून घेतली. तिच्या खांद्यापलीकडे, जिथे कुणीच उभं नव्हतं, तिकडे त्याने हात लांब केला आणि खळखळून हसत मूठ उघडली.

मीठ निसटताना लव्हर्नने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिने खाली वाकून सकाळीच झाडलेली फरशी न्याहाळली, तळहाताने चाचपली.

खाली एक कणही पडला नव्हता.